आडोशाला ठेवलेला फ्लॅश

एका जुन्या वाचनालयाच्या लांबट दालनाचा फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. मागणी सरळ होती: दालन शेवटपर्यंत दिसलं पाहिजे, रॅकवरच्या पुस्तकांची नावं वाचता आली पाहिजेत आणि मधल्या टेबलाशी बसलेल्या ग्रंथपाल बाई नेहमीसारख्या कामात दिसल्या पाहिजेत. अडचण दालनाच्या रचनेतच होती. दोन्ही बाजूंना छतापर्यंत गेलेले लोखंडी रॅक, तेही भिंतीला काटकोनात उभे, त्यामुळे दर दोन रॅकच्या मध्ये एक अंधारी गल्ली. पार टोकाला एक उंच खिडकी. वरच्या ट्यूबलाइटचा हिरवट, सपाट उजेड सगळ्यावर सारखाच पसरलेला. त्यात पुस्तकांना गोलाई येत नव्हती आणि दालनाची लांबी कळत नव्हती.

कॅमेऱ्यावर बसवलेला एकच फ्लॅश इथे का पुरणार नाही, हे साध्या गणितातच दिसतं. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. टेबल २ मीटरवर आणि शेवटचा रॅक १६ मीटरवर असेल, तर अंतर ८ पट आणि शेवटच्या रॅकवर पोहोचणारा प्रकाश ६४ पट कमी. म्हणजे ६ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). टेबल नीट दिसेल असं एक्सपोजर ठेवलं तर मागचं सगळं काळं, आणि मागचं दिसेल असं ठेवलं तर बाईंचा चेहरा पांढराफटक. शिवाय कॅमेऱ्याच्या दिशेनंच येणारा प्रकाश त्या गल्ल्यांच्या आत वळणार नाही तो नाहीच. प्रत्येक गल्लीत, रॅकच्या आडोशाला एकेक छोटा फ्लॅश ठेवायचा आणि शटर उघडं असताना सगळे एकदम पेटवायचे, हाच मार्ग उरत होता. याआधी मी दोन-तीन फ्लॅश एकत्र वापरले होते, पण ते सगळे एकाच खोलीत, एकमेकांच्या नजरेसमोर. इथे प्रत्येक फ्लॅश मुद्दाम लपवायचा होता, आणि लपवलेल्या फ्लॅशपर्यंत इशारा पोहोचवायचा होता.

यातला सगळ्यात जुना मार्ग वायरचा. अमेरिकन छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं रात्रीच्या अंधारात टिपली, ती वायरींच्या जोरावर. १९५६ साली त्यांनी काढलेल्या एका छायाचित्रात उघड्यावरच्या चित्रपटगृहामागून आगगाडी धडाडत जाते आहे. त्या एका क्षणासाठी ४० हून अधिक फ्लॅशबल्ब एकाच वेळी पेटवलेले होते. ते बल्ब एकदाच पेटायचे, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करायचा तर सगळे बदलायचे, आणि गाडी काही परत मागे येणार नव्हती. लिंक यांची चित्रं मी खूप वर्षांपासून बघते आहे. त्यांत प्रकाश कुठेही उगाच सांडलेला नाही, प्रत्येक दिवा कशासाठी ठेवला ते समजतं. माझ्या मनातलं दालन तसं होतं.

वायरीचा भरवसा आजही कुणी मोडू शकलेलं नाही. ना बॅटरी लागते, ना चॅनेल. पण वाचनालय संध्याकाळपर्यंत चालू असायचं, लोक रॅकमधून ये-जा करायचे, आणि १६ मीटर वायर फरशीवरून नेली तर ती फोटोतही दिसली असती. तेव्हा वायर बाद.

दुसरा मार्ग प्रकाशाचाच. बऱ्याच फ्लॅशमध्ये एक छोटा सेन्सर असतो. आसपास दुसरा फ्लॅश चमकला की तो क्षणार्धात ओळखतो आणि स्वतःचा फ्लॅश पेटवतो. याला ऑप्टिकल स्लेव्ह म्हणतात. कॅमेऱ्याजवळचा एक फ्लॅश कशानेही पेटवा, बाकीचे त्याच्यामागोमाग पेटतात, आणि मधला वेळ इतका किरकोळ की शटरला तो जाणवत नाही. जोडणी नाही, वेगळा रिसीव्हर नाही. मला हा मार्ग मनापासून आवडतो, कारण त्यात निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या वयांचे फ्लॅश एकत्र नांदतात.

फ्लॅशवर बहुधा एस१ आणि एस२ असे दोन पर्याय दिसतात. एस१ मध्ये समोर पहिली चमक दिसताच फ्लॅश पेटतो. एस२ मध्ये तो पहिली चमक सोडून देतो आणि दुसरीला पेटतो. याचं कारण टीटीएल, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश मोजून कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद स्वतः ठरवणं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर असेल तर शटर उघडण्याआधी तो एक हलकी पूर्वचमक सोडतो, तिच्यावरून कॅमेरा प्रकाश मोजतो आणि मग खरी चमक येते. एस१ वरचे फ्लॅश त्या पूर्वचमकेलाच पेटून मोकळे होतात. डोळ्यांना तर सगळं दालन उजळलेलं दिसतं, पण फोटोत मात्र अंधार. रेड-आय, म्हणजे फोटोत डोळे लाल दिसणं, कमी करण्याची सोय चालू असेल तर चमका आणखी वाढतात आणि एस२ चाही हिशेब चुकतो. म्हणून ऑप्टिकल स्लेव्ह वापरताना मी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मॅन्युअलवर ठेवते, म्हणजे त्याची ताकद मीच ठरवते, आणि बाकीचे एस१ वर.

वाचनालय बंद झाल्यावर पहिल्या संध्याकाळी हाच मार्ग आजमावला. मदतीला माझा भाचा होता. तो दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून सांगायचा कोणता पेटला आणि कोणता नाही. समोरच्या दोन गल्ल्यांमधले फ्लॅश लगेच पेटले. तिसऱ्या गल्लीपासून बोंब सुरू झाली.

"मावशी, हा कधी पेटतोय, कधी नाही!"

तिसऱ्या गल्लीतल्या फ्लॅशच्या सेन्सरला कॅमेऱ्याजवळची चमक थेट दिसत नव्हती. छतावरून परतून येणारा प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचायचा, पण जेमतेम. फ्लॅशचं डोकं रॅककडे तसंच ठेवून धड कॅमेऱ्याच्या दिशेला वळवलं, तेव्हा तो नियमित पेटू लागला. ही युक्ती कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे: डोकं जिथे प्रकाश टाकायचा तिकडे, सेन्सर जिथून इशारा येणार तिकडे. चौथ्या आणि पाचव्या गल्लीत मात्र ही युक्तीही लागू पडेना. दिवसा करून पाहिलं तेव्हा तर खिडकीतून येणाऱ्या भरपूर उजेडात सेन्सरला चमक वेगळी ओळखूच येत नव्हती. ऑप्टिकल स्लेव्ह अंधारात आणि पांढऱ्या भिंतींच्या खोलीत तरबेज असतो. उन्हात आणि आडोशात त्याची दृष्टी मंदावते.

कॅमेरा कंपन्यांनी याच प्रकाशाच्या भाषेत पुढचं पाऊल टाकलं होतं. कॅननचा ५५०ईएक्स हा फ्लॅश १९९८ साली आला, निकॉनची क्रिएटिव्ह लाइटिंग सिस्टिम २००३ मध्ये. त्यांत कॅमेऱ्यावरचा फ्लॅश शटर उघडण्याआधी चमकांची एक सांकेतिक माळ सोडतो, आणि दूरचे फ्लॅश ती वाचून आपापल्या ग्रुपला सांगितलेल्या ताकदीने पेटतात. ग्रुप ए, बी, सी. प्रत्येकाची ताकद कॅमेऱ्याजवळूनच बदलता येते. वायरशिवाय टीटीएल मिळणं ही तेव्हा फार मोठी सोय होती. पण ती चमकांची माळ दिसली पाहिजे ही अट इथेही कायम. शिवाय काही माणसांच्या पापण्या त्या माळेलाच मिटतात आणि नेमक्या खऱ्या चमकेला डोळे अर्धवट बंद सापडतात. बाईंचे दोन फोटो तसेच आले.

म्हणून मग रेडिओ. त्यातही थोडा इतिहास आहे. पॉकेटविझार्डचे ट्रिगर, म्हणजे फ्लॅशला रेडिओने इशारा देणारी छोटी यंत्रं, अनेक वर्षं स्टुडिओतल्या आणि मैदानावरच्या छायाचित्रकारांच्या बॅगेत असायचे; ते अमेरिकेत ३४४ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि युरोपात ४३३ मेगाहर्ट्झवर चालायचे, म्हणजे एकीकडचा ट्रिगर दुसरीकडच्याशी बोलायचा नाही. कॅननने २०१२ मध्ये ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशच्या आतच रेडिओ बसवला. निकॉनचा एसबी-५००० २०१६ मध्ये आला. आता गोडॉक्ससारख्या कंपन्यांच्या साध्या फ्लॅशमध्येही २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ आतूनच येतो, आणि कॅमेऱ्याच्या हॉट शूवर (माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेवर) फक्त एक ट्रिगर चढवावा लागतो. रेडिओला समोरासमोर नजर लागत नाही. रॅकच्या मागे, टेबलाखाली, दाराआड, कुठेही फ्लॅश ठेवा. माझ्यासाठी हाच खरा मोकळेपणा होता: प्रकाश कुठून यावा हे चित्राने ठरवायचं, सेन्सरला काय दिसतं त्यावरून नाही.

जोडणी सोपी आहे. ट्रिगर आणि सगळे फ्लॅश एकाच चॅनेलवर हवेत, आयडी असेल तर तोही एकच, आणि प्रत्येक फ्लॅशला एक ग्रुप. मी ग्रुप जागेवरून दिले. बाईंच्या चेहऱ्यासाठी मोठ्या सॉफ्टबॉक्समधला (प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीतला) फ्लॅश म्हणजे ए. डाव्या गल्ल्यांमधले दोन बी, उजव्या गल्ल्यांमधले दोन सी. छताकडे तोंड करून ठेवलेला, सगळीकडे हलका उजेड भरणारा एक डी. प्रत्येक फ्लॅशवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर अक्षर लिहिलं, कारण अंधारात आठ पावलांवरून छोट्या पडद्यावरचं अक्षर वाचायला जावं लागू नये.

मग चाचणी. ट्रिगरचं टेस्ट बटण दाबत राहिले आणि भाचा गल्ली-गल्लीतून ओरडत राहिला. लांबचे सगळे पेटले. पेटला नाही तो सगळ्यात जवळचा, कॅमेऱ्यापासून हाताच्या अंतरावर ठेवलेला डी! रेडिओ ट्रिगरची ही खोड अनेकांना चकित करते. शंभर मीटरपर्यंत पोहोचण्यासाठी ट्रिगर जोरात बोलतो, आणि अगदी जवळच्या रिसीव्हरला तो जोर झेपत नाही, संदेश फाटून जातो. काही ट्रिगरमध्ये यासाठी अंतराची निवड असते: ० ते ३० मीटर किंवा १ ते १०० मीटर. पहिली निवडली आणि डी पेटायला लागला. ज्या ट्रिगरमध्ये ही सोय नाही तिथे फ्लॅश जरा लांब सरकवणं हाच उपाय.

दुसरी अडचण उजवीकडच्या शेवटच्या गल्लीत. तिथला फ्लॅश दहा वेळा पेटायचा आणि अकराव्यांदा चुकायचा. हे प्रकरण मला सगळ्यात रंजक वाटलं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटीमीटर असते. लोखंडी रॅकमधून ती आरपार जात नाही, आपटून परतते. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो तशी ती या रॅकवरून त्या रॅकवर आपटत गल्लीच्या आत पोहोचते, आणि वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना काही ठिकाणी बळ देतात, काही ठिकाणी पुसून टाकतात. त्यामुळे एखाद्या बिंदूवर संदेश अगदी क्षीण असतो आणि तिथून वीतभर बाजूला तो खणखणीत मिळतो. आम्ही स्टँड तिथेच ठेवून फ्लॅश वीतभर वर चढवला. पेटला. थोडा खाली आणला, पुन्हा चुकायला लागला. शेवटी रॅकच्या वरच्या फळीच्या बरोबरीने त्याची उंची ठेवली, तेव्हा चुकणं थांबलं.

माणसाचं शरीरही इथे मध्ये येतं. शरीरात पाणी भरपूर आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. भाचा गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला की आतल्या फ्लॅशचा भरवसा कमी व्हायचा. त्याला टेबलाजवळ बोलावून घेतलं. आणि वाय-फाय! वाचनालयाचा राउटर डाव्या बाजूच्या एका रॅकच्या माथ्यावर होता, तोही त्याच पट्ट्यात बोलणारा. माझ्या ट्रिगरमध्ये मोकळी चॅनेलं शोधून दाखवण्याची सोय आहे. तिने सुचवलेल्या चॅनेलवर सगळे फ्लॅश नेले. एखादा फ्लॅश जुन्या चॅनेलवर राहून गेला तर तो गप्प बसतो, म्हणून हे काम एका ओळीत, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत करायचं आणि नंतर पुन्हा सगळे तपासायचे.

प्रत्येक फ्लॅश न चुकता पेटेपर्यंत मी एकही नीट फोटो काढायला घेतला नाही. हा आग्रह कुणाला जास्त वाटेल. पण फोटो काढताना मध्येच एखादा फ्लॅश चुकला, तर प्रकाश कमी दिसला तो त्याच्या ताकदीमुळे की त्याच्या मौनामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. मग माणूस ताकद वाढवत सुटतो आणि पुढच्या फोटोत तो फ्लॅश पेटला की सगळा तोल जातो.

यातच झोपेची गोष्ट येते. बॅटरी वाचवण्यासाठी फ्लॅश काही मिनिटांनी स्वतःहून निजतात. काही रेडिओच्या हाकेने जागे होतात, काही होत नाहीत, आणि ऑप्टिकल स्लेव्हवरचे बहुतेक नाहीच. ही सोय मी सगळ्यांत बंद केली. फ्लॅश पुन्हा भरला की बीप वाजण्याची सोय मात्र चालू ठेवली. बंद वाचनालयात त्या बीपा वेगवेगळ्या गल्ल्यांमधून एकामागून एक येतात आणि शेवटची आली की पुढचा फोटो काढायचा. बॅटऱ्या निकेल-मेटल हायड्राइडच्या, पडून राहिल्या तरी फार न उतरणाऱ्या. अशा बॅटऱ्या २००५ मध्ये बाजारात आल्यापासून फ्लॅशवाल्यांची मोठी चिंता मिटली. प्रत्येक फ्लॅशमध्ये चार, सगळ्या एकाच दिवशी भरलेल्या. चारांपैकी एक जरी कमजोर असली तरी तो फ्लॅश भरायला इतरांपेक्षा जास्त वेळ घेतो आणि नेमका तोच चुकतो.

शटरचा वेग ठरवताना रेडिओने आणखी एक हिशेब मागितला. पडदेवाल्या शटरमध्ये पहिला पडदा उघडतो, दुसरा त्याच्यामागून बंद होतो, आणि एका ठरावीक वेगापर्यंतच कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सबंध सेन्सर एकाच वेळी उघडा असतो. माझ्या कॅमेऱ्याला हा वेग १/२५० सेकंद. त्याच्यापुढे गेलं की दुसरा पडदा आधीच निघालेला असतो आणि फोटोत काळी पट्टी येते. वायरने १/२५० ला सगळं स्वच्छ येतं. रेडिओला संदेश बांधायला आणि उलगडायला क्षणाचा काही अंश लागतो, तेवढ्यात दुसरा पडदा हलायला लागतो आणि फोटोच्या तळाशी एक मंद सावली उमटते. १/१६० वर आणलं की ती जाते. फ्लॅश पूर्ण ताकदीवर असेल तर त्याची चमकही लांबते, तेव्हा हे आणखी जपावं लागतं. उलट ताकद १/१२८ वर नेली तर ती चमक सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही आखूड होते.

यावर हाय-स्पीड सिंक हा एक इलाज आहे. फ्लॅश एकदाच न चमकता भराभर लुकलुकत राहतो आणि पडद्यांमधली फट सरकत असताना सेन्सरभर प्रकाश पोहोचतो. ऑलिम्पसने १९८६ मध्येच एफ२८० या फ्लॅशमध्ये ही पद्धत आणली होती. उन्हात मोठ्या ॲपर्चरवर (लेन्सचं छिद्र मोठं ठेवून) चेहरे काढायचे असतील तर ती मोलाची आहे. पण तिच्यापायी दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त प्रकाश गमवावा लागतो. या दालनात तर मला शटर हळू हवं होतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

आता खरं काम: प्रकाश रचणं. दिवस मावळतीला आला होता. ट्यूबलाइट सगळ्या बंद केल्या. ट्रिगरवरून चारही ग्रुप बंद केले आणि फक्त खिडकीचा उजेड मोजला. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, ॲपर्चर एफ/५.६, शटर १/३० सेकंद. खिडकी निळसर दिसत होती, तिच्याजवळच्या रॅकच्या कडा उमटत होत्या, बाकी दालन काळोखात. हा पाया. शटरचा वेग बदलला की हा पाया उजळ किंवा गडद होतो, फ्लॅशचा प्रकाश तेवढाच राहतो, कारण फ्लॅशची चमक शटरच्या उघड्या वेळेपेक्षा कितीतरी आखूड असते. ॲपर्चर आणि आयएसओ मात्र दोन्हींना हलवतात. दोन वेगळ्या गाठी हातात आल्यासारखं वाटतं, आणि मला तरी छायाचित्रणात याहून जास्त आनंद देणारी गोष्ट क्वचितच भेटली आहे.

मग फक्त ए चालू केला. सॉफ्टबॉक्स बाईंच्या डावीकडून, डोळ्यांच्या पातळीहून बराच वर, ताकद १/८. बाईंना चष्मा होता आणि पहिल्या फोटोत काचांवर पांढरा चौकोन आला. स्टँड आणखी वर नेला, पुढून थोडा बाजूला घेतला, चौकोन गेला. ए बंद, फक्त बी चालू. डाव्या गल्ल्यांमधून पिवळसर उजेड पुस्तकांच्या पाठींवरून तिरका सरकत आला आणि कापडी बांधणीच्या पुस्तकांचा पोत उठून दिसायला लागला. फ्लॅशवर अर्ध्या ताकदीची नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावली होती, म्हणजे गल्लीचा उजेड जुन्या बल्बसारखा आणि खिडकीचा निळा, असा भेद राहील. ताकद १/३२. मग फक्त सी. तिथे एका रॅकवर प्लॅस्टिकचं कव्हर घातलेली पुस्तकं चमकत होती, म्हणून सी १/६४ वर उतरवला आणि त्याचं डोकं थोडं भिंतीकडे वळवलं. शेवटी फक्त डी. छतावरून येणारा तो उजेड इतका हलका ठेवायचा होता की तो आहे हे कळू नये, पण बंद केला तर सावल्या बुजून जाव्यात. छताने बराच प्रकाश खाल्ला, त्यामुळे ताकद १/४ वर न्यावी लागली.

एकेक ग्रुप एकटा चालू करून त्याचा फोटो काढणं आणि ते सगळे फोटो शेजारी ठेवून बघणं, हे मी आग्रहाने करते. रेडिओमुळे हे कॅमेऱ्याजवळ उभं राहून जमतं. पूर्वी प्रत्येक बदलासाठी गल्लीत जावं लागायचं, फ्लॅश खाली उतरवावा लागायचा, तो परत चढवताना त्याची दिशा हलायची. चालण्याच्या कंटाळ्याने आपण किती बदल करायचे टाळत होतो, हे ते सगळं जाग्यावरून करता आल्यावर समजलं. टीटीएल मी इथे वापरला नाही. काळ्या बांधणीचा रॅक फ्रेममध्ये जरा जास्त आला की टीटीएल ताकद वाढवतो, पांढरा कागद आला की घटवतो. माणसं हलत असतील, अंतर बदलत असेल, तर टीटीएल उपयोगी. दालन कुठे पळून जात नव्हतं.

दरम्यान बाईंनी एक रास्त प्रश्न विचारला. "अहो, एवढा लखलखाट रोज रोज पुस्तकांवर पडला तर कागद खराब नाही का व्हायचा?" मी त्यांना सांगितलं की एक चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी आखूड असते. आमच्या सगळ्या संध्याकाळचा प्रकाश एकत्र केला तरी खिडकीजवळच्या रॅकवर रोज पडणाऱ्या उन्हापुढे तो अगदी थोडा आहे, काळजी करायची तर त्या उन्हाची. पण फ्लॅशचं डोकं कागदाला किंवा कापडाला टेकवून कधीच पेटवू नये, कारण तेवढ्या जवळून तो भाजू शकतो. म्हणून सगळे फ्लॅश पुस्तकांपासून हातभर लांब होते. बाईंनी दुसऱ्या दिवशी त्या रॅकसमोरच्या काचेला पडदा लावून घेतला, याचा मला फार आनंद झाला.

सगळे ग्रुप चालू करून पाहिलं तेव्हा खिडकीखालचे शेवटचे दोन कोपरे अजून मेलेले होते. माझ्याकडे रेडिओवाले फ्लॅश संपले होते. दोन जुने होते, फक्त मॅन्युअल, त्यांत एस१ सारखा साधा सेन्सर. असे जुने फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर किंवा रेडिओ रिसीव्हरवर चढवण्याआधी मल्टिमीटरने त्यांच्या तळाच्या टोकांवरचा विजेचा दाब मोजावा. काहींमध्ये २०० व्होल्टहून जास्त निघतो आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक्सला तो मारक ठरू शकतो. ऑप्टिकल स्लेव्ह म्हणून वापरताना हा धोकाच नसतो, कारण त्यांचा कॅमेऱ्याशी तारेचा संबंध येत नाही. दोन्ही कोपऱ्यांत ते ठेवले, सेन्सर छताकडे. डी ची छतावरची चमक त्यांना लख्ख दिसत होती. डी रेडिओने पेटतो, ते दोघे डी ला बघून पेटतात. आठही एकदम पेटले.

बाईंना मी पानं उलटत राहायला सांगितलं. १/३० मध्ये खिडकीच्या उजेडात पानाची कड किंचित हलते आणि फ्लॅश तिला एका जागी गोठवतो, त्यामुळे पानाभोवती एक पुसट हालचाल राहते. काही फोटोंत ती जास्त झाली, काहींत मुळीच नाही. ज्यात पान अर्धं वर उचललेलं आहे आणि बाई त्याच्याकडे बघत आहेत, तो निवडला.

काही दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या सज्जाचाही फोटो हवा होता, आणि त्यात खालचं दालनही दिसायला हवं होतं. कॅमेरा खाली, जिन्यापाशी. वरचे फ्लॅश काँक्रीटच्या जाड स्लॅबमागे आणि भोवती लोखंडी कठडा. रेडिओ वर पोहोचत होता, पण शेवटच्या गल्लीसारखाच बेभरवशाचा. वीतभर सरकवण्याची युक्ती एकाला लागू पडली, दुसऱ्याला नाही. मग जिन्याच्या मधल्या वळणावर एक रेडिओ फ्लॅश ठेवला, तोंड वर, ताकद १/६४, फ्रेममधून अजिबात न दिसणारा. त्याला खालून रेडिओने पेटवायचं आणि सज्जातल्या दोन जुन्या फ्लॅशनी त्याची चमक बघून पेटायचं. त्याची स्वतःची चमक फोटोत कुठेच येत नाही, त्याचं काम फक्त निरोप वर पोहोचवण्याचं. भाचा वर सज्जात जाऊन उभा राहिला, मी खालून टेस्ट बटण दाबत राहिले, आणि तो दर वेळी वरून सांगत राहिला, "दोन्ही, मावशी. दोन्ही."